मुंबईत फुकट कार्यक्रम आणि स्वस्त खरेदी: शोधायचं कुठे आणि कसं

‘मुंबईतले फ्री इव्हेंट्स’ असं गुगलवर टाकलंत की काय येतं ते एकदा बघाच. कुठल्यातरी पबमधली डीजे नाइट, ‘अमुक वाजेपर्यंत एंट्री फ्री’ वाली, तीन वर्षांपूर्वीचा एखादा लेख, आणि मॉलमधला सेल. आणि मग आपण म्हणतो की मुंबईत पैसे टाकल्याशिवाय काही बघायला मिळत नाही. हे साफ चूक आहे. या शहरात जवळपास रोज संध्याकाळी कुठे ना कुठे चांगलं व्याख्यान, गाणं, चित्रप्रदर्शन, सिनेमा असं काहीतरी फुकट चालू असतं, फक्त ते सर्चमध्ये वर येत नाही.

का येत नाही ते समजलं की शोधायची पद्धतच बदलते. बघा, फुकट कार्यक्रम करणाऱ्या बहुतेक संस्था ट्रस्टवर, देणग्यांवर नाहीतर सरकारी अनुदानावर चालतात. कितीतरी व्याख्यानं ‘स्मृती व्याख्यान’ असतात, म्हणजे कुणीतरी आपल्या आई-वडिलांच्या नावाने संस्थेकडे रक्कम ठेवलेली असते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एक कार्यक्रम होतो. त्यात वक्त्याचं मानधन आणि चहा भागतो, जाहिरातीला पैसे कुठून येणार? म्हणून माझं सांगणं एकच आहे, कार्यक्रम शोधत बसू नका, संस्था शोधा. दहा-बारा संस्थांची यादी करा, त्यांची पेजेस फॉलो करा, ईमेल न्यूजलेटर असेल तिथे नाव टाका, व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यात शिरा. एकदा हे केलं की पुढे कार्यक्रम आपोआप तुमच्यापर्यंत येतात.

आता यादी कुठून सुरू करायची? माझ्या मते फोर्टजवळचा काळा घोडा परिसर, कारण तिथे चालत चालत अर्धा दिवस निघतो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि आत जायला काही लागत नाही, तरी अनेक मुंबईकर तिच्या पायऱ्यांवर बसून परत जातात कारण त्यांना वाटतं आत तिकीट असेल किंवा आपल्याला कुणी विचारेल की तुम्ही कोण. कुणी विचारत नाही. प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, त्यामुळे दर आठवड्याला नवीन काहीतरी लागतं. आणि खरी मजा म्हणजे चित्रकार स्वतः तिथे असतो. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला, शेजारी टेबलावर अभिप्राय लिहायची वही आणि कॅटलॉगचा गठ्ठा. दुपारी गर्दी नसताना गेलात आणि एखाद्या चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबलात की तोच उठून येतो आणि सांगायला लागतो की हा रंग असा का, हे गाव कुठलं, आणि तुम्ही विकत घेणारे नाही हे दिसत असूनसुद्धा मनापासून सांगतो. सोलापूर, नांदेड, कोकणातून आलेली माणसं असतात, आठवडाभर मुंबईत राहून आपलं काम दाखवत असतात, त्यांना बघणारा माणूस हवा असतो. वहीत दोन ओळी नक्की लिहा.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यात मॅक्समुल्लर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र आहे (प्रदर्शनं, सिनेमे, बरंचसं विनामूल्य), आणि फोर्टच्या बाजूला एशियाटिक सोसायटी. संस्था १८०४ ची, टाऊन हॉलची इमारत १८३३ ची, आणि तिथल्या दरबार हॉलमध्ये इतिहास, पुरातत्त्व, साहित्य यावर व्याख्यानं होतात त्यातली बरीचशी सगळ्यांना खुली असतात. बाहेरच्या पायऱ्यांवर फोटो काढणारे ढिगाने, आत मात्र कमी लोक जातात.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल असतो, १९९९ पासून चालू आहे, साधारण नऊ दिवस, आणि प्रवेश फुकट. शनिवार-रविवारी जाऊ नका. खरंच नका जाऊ, सेल्फीच्या गर्दीत काही दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा. आणि वर्कशॉप, हेरिटेज वॉक यांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, जागा भराभर संपतात, म्हणून वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी बसून नावं टाका. जानेवारीतच मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा कुलाबा-फोर्ट भागातल्या खासगी गॅलऱ्या एकदम नवी प्रदर्शनं लावतात. एरवी काचेच्या दारातून आत शिरायला संकोच वाटतो ना, त्या दिवसांत तो अजिबात वाटत नाही.

नरिमन पॉइंटला एनसीपीए (नाटक, संगीत, नृत्याचं मोठं केंद्र) म्हटलं की लोक घाबरतात, महागडं असेल म्हणून. तिकिटं महाग असतात हे खरं, पण महिन्याचा कार्यक्रम नीट वाचा, त्यात ‘प्रवेश विनामूल्य’ वाले कार्यक्रम दडलेले असतात. जवळच यशवंतराव चव्हाण सेंटर आहे, आणि मराठी माणसाने हे नाव यादीत अगदी वर ठेवावं, कारण गाण्यापासून परिसंवाद आणि सिनेमांपर्यंत तिथे सतत काही ना काही असतं.

मुलं असतील तर टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचं ‘चाय अँड व्हाय?’ सोडू नका. २००९ पासून चालू असलेला उपक्रम आहे, शास्त्रज्ञ येऊन साध्या भाषेत, प्रयोग दाखवत बोलतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजला रविवारी सकाळी होतो. सहावी-सातवीतली पोरं धडाधड प्रश्न विचारतात आणि त्यांना नीट उत्तरं मिळतात. तारीख आणि जागा तेवढी आधी त्यांच्या पेजवर बघा. वरळीच्या नेहरू सेंटरमधलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ प्रदर्शन आणि तिथली आर्ट गॅलरी फुकट आहे, तारांगणाला मात्र तिकीट आहे, गोंधळ करू नका. गावदेवीचं मणिभवनही फुकट, गांधीजी १९१७ ते १९३४ मध्ये मुंबईत आले की तिथे राहायचे.

हे झालं बहुतेक साऊथ बॉम्बे. पण मला विचाराल तर खरा खजिना आपापल्या भागात आहे, आणि तिथेच लोक बघत नाहीत. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे, गिरगावात साहित्य संघ, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) आणि शिवाजी पार्कला सावरकर स्मारक. ठाण्यात जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, नौपाड्यात, रोज वेगळा वक्ता, आणि लोक घरून शाल गुंडाळून येतात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चं. डोंबिवलीत जुनी पुस्तकं देऊन दुसरी घ्यायचा पुस्तक आदान-प्रदानाचा मोठा उपक्रम होतो, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडला जी गर्दी लोटते तिला तर कुठलंच तिकीट नाही. तुमच्या स्टेशनजवळचं वाचनालय शोधा आणि आत जाऊन फलक वाचा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अशा ठिकाणचे कितीतरी कार्यक्रम आजही खडूने फळ्यावर लिहिलेले असतात आणि इंटरनेटवर त्यांचा मागमूस नसतो. तिथल्या काकांना नंबर देऊन ठेवा, ते आठवणीने मेसेज करतात.

पेपरही सोडू नका. मराठी पेपरात आतल्या पानावर आज-उद्याच्या कार्यक्रमांचा छोटा चौकोन असतो, आणि त्याची भाषा ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं. ‘प्रवेश विनामूल्य, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असेल तर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. ‘काही जागा राखीव’ म्हणजे पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, तिथे रुमाल टाकू नका, उठवतात. ‘विनामूल्य प्रवेशिका नाट्यगृहावर उपलब्ध’ असं असेल तर मात्र कार्यक्रमाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, प्रवेशिका दोन-तीन दिवस आधी वाटतात आणि नाव मोठं असेल तर सकाळीच संपतात. दिवाळी पहाटचं असंच असतं, आठवडाभर आधीपासून नाक्यावरचे फ्लेक्स वाचायला लागा, खाली प्रवेशिका कुठे मिळतील ते लिहिलेलं असतं. ‘निमंत्रितांसाठी’ असं स्पष्ट असेल तर सोडून द्या. आणि वेळ सहाची असेल तर दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक होऊन मुख्य वक्ता बोलायला साडेसहा-पावणेसात होतातच, पण म्हणून उशिरा जाऊ नका, कारण तोवर खुर्च्या भरतात.

नाटकवेड्यांसाठी एक खास गोष्ट. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, तिची प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि तिकीट अगदी नाममात्र असतं. बँकेत, शाळेत नोकरी करून रात्री तालमी करणारी माणसं जीव ओतून नाटक करतात, आणि बरेचदा थिएटर अर्धं रिकामं असतं. जा हो, त्यांना प्रेक्षक हवेत.

काही तारखा कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, तेव्हा कार्यक्रमांचा पाऊस असतो आणि अनेक प्रकाशक पुस्तकांवर चांगली सूट देतात. लगेच २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन, संशोधन संस्था दारं उघडतात. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, पुन्हा पुस्तकांवर सवलत. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबर हा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस, या दोन दिवशी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचं तिकीट बरेचदा माफ असतं, त्या वर्षीची घोषणा तेवढी बघून घ्या. पण घारापुरीला जाणार असाल तर माफ होतं ते लेण्यांचं तिकीट, लाँचचं भाडं द्यावंच लागतं, आणि कान्हेरीला जाताना नॅशनल पार्कचं प्रवेश शुल्क वेगळं. १५ वर्षांखालच्या मुलांना या स्मारकांचं तिकीट एरवीही नसतं, हे खूप पालकांना माहीत नसतं.

अॅप्सचं म्हणाल तर बुकमायशोवर इव्हेंट्समध्ये किमतीचा फिल्टर असतो, त्यात ‘फ्री’ निवडा, झालं. एक मात्र पाळा, फुकट म्हणून दहा ठिकाणी नाव नोंदवून एकाही ठिकाणी न जाणं हे फार वाईट आहे, आयोजक त्या आकड्यावर खुर्च्या आणि चहा सांगतात आणि खरा येणारा माणूस वेटिंगवर राहतो. जमत नसेल तर नाव काढा.

आता खरेदी. पुस्तकं हवीत तर फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल. भाव करा, पण आधी पुस्तक उघडून मधली पानं आहेत का बघा. साड्या, कुर्ते, घरगुती पीठं-मसाले यासाठी दादरला वनिता समाजसारख्या हॉलमध्ये ‘प्रदर्शन व विक्री’ लागतात, प्रवेश फुकट असतो. आणि महालक्ष्मी सरस प्रदर्शन! बचत गटांच्या बायका जिल्ह्याजिल्ह्यातून येतात, वर्षातून एकदा, आत जायला पैसे नाहीत, खाण्याचे स्टॉल असे की जेवूनच निघायचं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बऱ्याच जणी माल परत न्यायला नको म्हणून भाव कमी करतात, पण मी तिथे घासाघीस करत नाही आणि तुम्हीही करू नका, एवढ्या लांबून पापड-मसाले घेऊन आलेल्या बाईला सांगितलेली किंमत द्यावी. सिनेमा बघायचा तर मंगळवारचे दर तपासा, बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये त्या दिवशी स्वस्त असतं. राष्ट्रीय सिनेमा दिनाकडे पण लक्ष ठेवा, २०२२ मध्ये ७५ रुपये होतं, २०२३ आणि २०२४ मध्ये ९९. तारीख दरवर्षी बदलते.

सावध कुठे राहायचं तेही सांगते. मॉलमध्ये कुणी कूपन भरून घेतलं आणि चार दिवसांनी ‘तुम्हाला हॉलिडे लागला, दोघं मिळून गिफ्ट घ्यायला या’ असा फोन आला तर समजा की दोन तास मेंबरशिप गळ्यात मारायचा कार्यक्रम आहे. फुकट कार्यक्रमाच्या नोंदणीला नाव, नंबर, ईमेल पुरतो. ओटीपी, कार्ड किंवा ‘रिफंडेबल ९९ रुपये’ मागितले की फॉर्म बंद करा. शंका आली तर संस्थेच्या ऑफिसला फोन लावून विचारा, हा कार्यक्रम तुमचाच ना म्हणून.

आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बरवर तो असतोच असतो, पश्चिमवर जंबोब्लॉक. सकाळी अकराच्या कार्यक्रमाला ठाण्याहून निघणार असाल तर अर्धा तास जास्त धरा, नाहीतर शेवटी टॅक्सी करावी लागते आणि एका नाटकाच्या तिकिटाचे पैसे तिथेच जातात.