मुलाचा हात मोडलाय? घरी आल्यावर वेदनाशामकाच्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरातलं पोरगं मंकी बारवरून पडतं, मनगट मोडतं आणि रात्री अकराला सगळे इमर्जन्सीतून घरी येतात. पोराच्या हाताला स्प्लिंट, बाबांच्या खिशात ऑक्सिकोडोनची नाहीतर हायड्रोकोडोनची, म्हणजे अफूच्या जातीच्या (ओपिऑइड) जोरदार वेदनाशामकाची चिठ्ठी. गोंधळ होतो तो यानंतर.

आधी आयब्युप्रोफेनला, म्हणजे चिठ्ठीविना मिळणाऱ्या साध्या वेदनाशामकाला, कमी लेखलं जातं. कॅनडात साधं फ्रॅक्चर झालेल्या मुलांवरची एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी दिलेल्या आयब्युप्रोफेनने तोंडी मॉर्फिनइतकंच दुखणं कमी झालं, उलट मळमळ, गुंगी असा त्रास मॉर्फिनवाल्या मुलांना जास्त झाला. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिले दोन दिवस आयब्युप्रोफेन घड्याळ बघून द्या, मूल कळवळायची वाट बघू नका. मुलाच्या वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी. पातळ औषधाचं माप औषधाच्या सिरिंजनेच घ्या, चहाच्या चमच्याने नको.

दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती मायेपोटी होते. हायड्रोकोडोनच्या बहुतेक गोळ्यांत अॅसिटामिनोफेन मिसळलेलंच असतं. वरून आई टायलेनॉल देते, म्हणजे तेच. मग आजी बॅगेतली पुण्याची क्रोसिन काढते, म्हणजे पुन्हा तेच! आपल्याकडे त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, एवढाच फरक. यकृत मात्र एकच असतं, आणि जादा डोस त्यालाच बाधतो. काय दिलं, किती, किती वाजता, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

घरात जुनं कोडीन किंवा ट्रॅमाडॉल (हीही ओपिऑइडच) असेल तर बारा वर्षांखालच्या मुलाला अजिबात नको. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्येच ते वर्ज्य ठरवलंय. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो.

'अजून दुखतंय, अजून एक देऊ' हेही नको. औषध देऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं सरळ करताना मूल किंचाळत असेल, बोटं बधिर किंवा गार पडली असतील, तर आत दाब वाढलेला असू शकतो. तडक परत हॉस्पिटल गाठा. मूल हलवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल तर ९११, आणि घरात नॅलोक्झोनचा (ओपिऑइडवरचा उतारा) फवारा असेल तर लगेच नाकात.

उरलेल्या गोळ्या? आपल्याला औषध टाकवत नाही, 'असू दे, लागेल कधीतरी'. पण त्याच कपाटाला मोठ्या मुलाचाही हात पोचतो. फार्मसीच्या परतीच्या पेटीत टाका. जवळपास पेटी नसेल तर ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन टॉयलेटमध्ये फ्लश करायला एफडीएचीच परवानगी आहे.