माळावर काम करताय? या चुका टाळा

सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथला माळ बहुतेक ठिकाणी मुळातच गवताचा आहे. तरी दर पावसाळ्यात झाडं लावायच्या मोहिमा निघतात. मला सगळ्यात सलते ती हीच चूक.

माणमधल्या एका गायरानावर शहरातून आलेल्या मंडळींनी जेसीबीनं चर मारले, गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपं लावली, फोटो काढले. तिथं माती वीतभर, खाली मुरूम. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी फिरकलं नाही, रोपं वाळली. उकरलेला पवन्या आणि मारवेल, ही चाऱ्याची गवतं, मात्र परत आली नाहीत. मुरमावर तरवड आणि गाजरगवत माजलं. वस्तीवरचे आप्पा म्हणाले, "झाडं लावा की, पर आमच्या मेंढरांच्या ताटात कशाला?" एका रविवारात माळ हिरवा करायची घाई असलेल्यांना हे कोण सांगणार? मी रोप लावतो ते बांधावर, ओढ्याकाठी, घरामागं. माळावर फक्त मारवेलची ठोंबं, तीही दोन चांगले पाऊस झाल्यावर.

दुसरी चूक, कुसळी गवत उशिरा कापणं. "वाढू दे अजून, चार पेंढ्या जास्त निघतील" म्हणणारे दिवाळीनंतर विळा घेऊन येतात. तोवर गवतातला कस गेलेला आणि कुसळं पिकलेली. ओल लागली की कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. असं फिरत फिरत ते लोकरीतून कातड्यात शिरतं. माडग्याळ मेंढीच्या हिरडीत रुतलेली कुसळं मी चिमट्यानं काढतो. टोकावरचे तांबूस केस मागं वळलेले असतात, त्यामुळं ओढताना अडतं आणि मेंढी कळवळते. फुलोरा दिसला की कापा, पेंढ्या कमी निघाल्या तरी चालतील.

कोंब दिसताच जनावरं सोडू नका. गवत घोट्याच्या वर जाऊ द्या.

माळ पेटवू नका. उन्हाळ्याचा चारा जातो, चंडोलांची घरटी जातात.

नांगर तर घालूच नका. दोन वर्षं बाजरी पिकते, मग माती वाहून जाते.

आणि गायरानाची हद्द मोजून घ्या. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं, पण हद्दच ठाऊक नसेल तर ग्रामसभेत बोलणार कशाच्या जोरावर? मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत भूमी अभिलेख कार्यालयात द्या, तोही उन्हाळ्यातच.