पोरगं असं का वागतं? शोधायची माझी रीत

स्टाफरूममध्ये कुठल्याही पोराचा विषय निघाला की निकाल दोन मिनिटांत लागतो. 'घरी लक्षच नाही.' 'मोबाइलनं वाया गेला.' 'बाप तसा, पोरगा तसा.' एकेका पोराचा आपण मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्याच, म्हणजे सगळ्या दोषांचा पुतळाच करून टाकतो. वर्गात काही फुटलं, हरवलं की पाटी त्याच्या गळ्यात. हे निकाल खरे असोत की खोटे, उद्या तिसऱ्या तासाला वेगळं काय करायचं ते त्यातून कळत नाही. मी पूर्व नागपुरात सहावी-सातवीला शिकवते. नव्यानं लागलेल्या शिक्षकांना एवढंच सांगते: पोरगं कसं आहे ते राहू द्या, आधी काय झालं आणि नंतर त्याला काय मिळालं ते लिहा.

एक साधी वही घ्या. तीन रकाने पाडा: आधी, काय केलं, नंतर. समासात तास आणि वेळ. मधल्या रकान्यात फक्त दिसलं-ऐकलं तेच. 'उद्धटपणा केला' चालणार नाही. 'वही मिटली, "नाही लिहीत" म्हणाला, बाकावर डोकं ठेवलं' हे चालेल. लिहायला अर्धं मिनिट लागतं, पण तिथल्या तिथे लिहा. मधल्या सुटीपर्यंत थांबलात तर वहीत तुमचा राग उतरतो, पोराचं वागणं नाही. आणि ज्या तासाला काहीच झालं नाही, तोही तास लिहा. खरी खूण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सातवीतल्या एका मुलाचं सांगते. मराठीच्या तासाला पुढच्याच्या पाठीत पेन्सिल टोचायचा. 'काहून टोचतं बे?' म्हणून पुढचा ओरडायचा, वर्ग हसायचा, टोचणारा दाराबाहेर. रोजचंच. वही पाहिली तर गणिताला टोचणं नाही, खिचडीच्या रांगेत नाही, मराठीतही सगळे मिळून कविता म्हणतात तेव्हा नाही. एकेकानं उभं राहून धडा वाचायचा असला, की मग. तेही पाळी त्याच्यापासून दोन बाकांवर आली की. शेवटच्या रकान्यात दर वेळी एकच नोंद: बाहेर उभा केला. म्हणजे शिक्षा वाटत होती ती त्याची सुटका होती, आणि ती शाळाच देत होती.

वागण्याचे हिशेब ढोबळमानानं चार. काहीतरी टाळायचं असतं, कुणाचं तरी लक्ष हवं असतं, एखादी वस्तू किंवा संधी हवी असते, नाहीतर ते करण्यातच शरीराला बरं वाटतं (पाय हलवणं, पेनाचं टोपण चावणं). १९८२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बौद्धिक वाढ मागे राहिलेल्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांबाबत, परिस्थिती बदलून बदलून पाहिलं. वागणं वरून सारखं, पण कारण मुलागणिक वेगळं निघालं. म्हणून 'त्या दुसऱ्या पोराला जे लागू पडलं ते यालाही पडेल' हे डोक्यातून काढा.

आता अंदाज पारखायचा. पारखण्याआधी वहीत लिहून ठेवा, 'वाचन टाळतो असं वाटतं. आदल्या दिवशी त्याच्या चार ओळी सांगून ठेवल्या तर टोचणं कमी व्हावं. नाही झालं, तर मागच्या बाकाचं हसू हवं असेल.' मग एकच गोष्ट बदला. त्याच आठवड्यात जागाही बदलली, घरी निरोपही धाडला, तर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि लक्ष वेधण्यासाठीच चाललं असेल, तर तुम्ही दुर्लक्ष सुरू केल्यावर ते आधी वाढूही शकतं, मग उतरतं. दोन दिवसांत हात टेकू नका. या मुलाच्या बाबतीत ओळी आधी सांगितल्यावर टोचणं जवळपास थांबलं. वाचन का जड जातं हा पुढचा प्रश्न: चष्मा लागलाय, घरी छत्तीसगढी बोलतात, की अध्ययन अक्षमता आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, त्यामुळे तपासणीला पाठवताना पालकांपुढे संकोच करू नका.

या सगळ्याच्याही आधी शरीर पाहा. पहिल्या तासाला पेंगणाऱ्याचे आईबाप पहाटेच कळमन्याच्या बाजारात जात असतील आणि धाकट्याला तोच उठवत असेल. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मुलगी कॉपीबहाद्दर असेलच असं नाही, तिला फळा नीट दिसत नसेल.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावीच लागते, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. वारंवार पाणी पिणारा, दर तासाला 'मॅडम, बाथरूमले जाऊ?' विचारणारा, पीटीच्या तासाला पाय दुखतात म्हणून बसून राहणारा, थंडीत गैरहजेरी वाढणारा मुलगा कामचोर ठरायला वेळ लागत नाही. पण एसएस पॅटर्नच्या, म्हणजे हा आजार असलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. म्हणून ती जास्त होते आणि शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. पाणी कमी पडलं, गारठा लागला किंवा दमछाक झाली की हाडं-सांधे असह्य दुखू शकतात. अशा मुलाचं बाथरूम बंद केलं तर तो पाणी पिणं सोडतो, आणि ते त्याला महागात पडतं. डोळ्यांत पिवळेपणा दिसतो का, वहीच्या नोंदी थंडीत किंवा खेळानंतर दाटतात का, एवढं पाहा आणि पालकांना सोल्युबिलिटी टेस्टसाठी (सिकलसेलची रक्ततपासणी) सरकारी दवाखान्यात पाठवा. ती प्राथमिक चाचणी आहे, एएस (फक्त वाहक) की एसएस हे पुढच्या तपासणीत ठरतं. निदान करणं आपलं काम नव्हे, आणि वर्गात तो शब्द मोठ्यानं उच्चारायचाही नाही. लग्न जुळवतानाही लोक पॅटर्न विचारतात आपल्याकडे.

काही दिवस नोंदीतून वगळा. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी अख्खा वर्गच हवेत असतो. मार्चमध्ये दुपारी शेवटच्या तासाला, पंखा बंद असताना, कुणाच्याही स्वभावाचा अंदाज बांधू नये. शिक्षकाच्यासुद्धा!

पोराशी बोलायचं ते 'का केलंस?' असं नाही. त्याचं उत्तर 'काही नाही' किंवा 'सॉरी मॅडम' हेच येतं, कारण बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. नकाशे उचलून न्यायला सोबत घ्या आणि चालता चालता विचारा, 'तेव्हा चाललं काय होतं? शेजारी कोण होतं?' समोरासमोर बसवलं की चौकशी वाटते. आईला फोन केलात तर तक्रारीनं सुरुवात नको. 'घरी तो कशात रमतो, ताई? आणि कशाची वेळ आली की चिडतो?' असं विचारा. दोन्ही उत्तरं वहीत लिहा.

काही ठिकाणी मात्र अंदाजाचा खेळ लगेच थांबवायचा. वागणं अचानक पालटलं, अंगावर वळ दिसले, शाळा सुटल्यावर घरी जायला नको म्हणतं, एका ठराविक माणसाचं नाव निघालं की गप्प होतं, अशा वेळी उलटतपासणी करू नका. घरातल्याच कुणावर संशय असेल तर आधी घरी फोन नको. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, मुख्याध्यापकांना सांगा, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून कुणी थांबवलं, तरी थांबू नका.

आणि हो, वहीत पोरांची नावं लिहू नका, हजेरी क्रमांकही नको, कारण तो सगळ्यांना पाठ असतो. स्वतःची खूण ठरवा. वही कुलपाच्या कपाटात ठेवा. स्टाफरूमच्या टेबलावर विसरलात, तर मधल्या सुटीत चहासोबत ती सगळ्यांची वाचून झालेली असेल.