हिवाळ्यात कॅक्टसची निगा: पाणी तोडण्यापासून पहिल्या पाण्यापर्यंत

हिवाळ्यात दगावणाऱ्या कॅक्टसपैकी बहुतेक झाडे नुसत्या थंडीने दगावत नाहीत. थंड मातीत साचून राहिलेली ओल त्यांना मारते. नुकसान लगेच दिसत नाही, हीच यातली मोठी अडचण आहे. ऐन थंडीत दिलेल्या पाण्याने मुळाशी सुरू झालेली सड वर दिसायला कित्येक आठवडे जातात, आणि खोडाचा तळ बोटाला मऊ लागतो तेव्हा आतला गाभा बहुधा गेलेला असतो. म्हणून पुढील सल्ला रोग दिसल्यावर नव्हे, तर थंडी पडण्याच्या आधीपासूनच अमलात आणावा.

प्रथम हाताशी असलेले झाड खरोखर कॅक्टस आहे का, हे पाहावे. मराठीत निवडुंग हा शब्द आपण फड्या निवडुंगाला वापरतो तसाच त्रिधारी निवडुंगालाही वापरतो. परंतु फड्या हा कॅक्टस कुळातला आहे, तर त्रिधारी हा युफोर्बिया, म्हणजे शेराच्या कुळातला. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या लहानशा गादीतून फुटतात आणि त्याला जखम झाली तर बहुतेक जातींत पाणीदार रस येतो. युफोर्बियाला पांढरा चीक येतो, तो डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतो. हा भेद इथे महत्त्वाचा आहे, कारण कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या बऱ्याच युफोर्बियांना कॅक्टसइतका गारवा मानवत नाही.

आता पाण्याविषयी. कॅक्टस आपल्या खोडावरील रंध्रे मुख्यतः रात्री उघडतो आणि दिवसा मिटून घेतो, त्यामुळे त्याचा पाण्याचा खर्च मुळातच कमी असतो. हिवाळ्यात प्रकाश आणि तापमान दोन्ही उतरले की वाढ जवळजवळ थांबते, आणि कोरड्या मातीत पाणी शोषणारी बारीक तंतुमुळे वाळून जातात. अशा वेळी दिलेले पाणी ओढून घ्यायला झाडाजवळ पुरेशी मुळेच नसतात. ते मातीत राहते आणि सड घडवणाऱ्या बुरशीला उपयोगी पडते. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर होण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून दोन पाण्यांमधले अंतर वाढवत न्यावे, शेवटचे पाणी उन्हाच्या दिवशी सकाळी द्यावे, आणि त्यानंतर वाळवंटी जातींचे पाणी वसंतापर्यंत पूर्ण तोडावे. खत त्याच्याही बरेच आधी थांबवावे. उशिरा दिलेल्या नत्राने खोडाची वाढ कोवळी व फुसफुशीत होते, आणि असे खोड थंडीला पहिले बळी पडते.

इतर पिकांना वाफसा पाहून पाणी देण्याची जी सवय शेतकऱ्याच्या हाताला असते, ती इथे बाजूला ठेवावी लागते, कारण वाफशाइतकी ओलही या काळात कॅक्टसला जास्तच होते. वरची माती कोरडी दिसते म्हणून तळ कोरडा असेलच असे नाही. लाकडाची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून काही वेळाने बाहेर काढावी. तिला माती चिकटली किंवा ती ओलसर लागली, तर कुंडी अजून वाळलेली नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावली तर काडीचीही गरज उरत नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात, ठिबकच्या नळ्या नुसत्या बंद न ठेवता कुंड्यांतून उचलून घ्याव्यात, आणि कोकोपीटचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण फार दिवस ओल धरते हे ध्यानात ठेवून अशी रोपे पाणी तोडण्याच्या वेळापत्रकात सर्वांत आधी घ्यावीत.

पाणी तोडल्यावर झाड आकसते, त्याच्या कडा जवळ येतात, गोलसर जाती मातीत किंचित खाली बसल्यासारख्या दिसतात. नवा उत्पादक इथेच घाबरून पाण्याचा झारा उचलतो. वास्तविक हे आकसणे झाडाच्या हिताचे असते: पेशींतले पाणी कमी झाले की रस दाट होतो आणि दाट रस गोठायला अधिक थंडी लागते. झाड सगळीकडून सारखे आकसले असेल आणि हाताला टणक लागत असेल, तर काही करू नये. एकाच बाजूला खळगा पडला असेल, तळाशी तपकिरी किंवा काळपट छटा आली असेल आणि दाबल्यावर बोट आत जात असेल, तर ती सड समजावी.

पूर्ण कोरडे ठेवण्याला काही अपवाद आहेत. उबदार खोलीत ठेवलेले झाड पुरते विसावत नाही, म्हणून त्याला चार ते सहा आठवड्यांनी थोडे पाणी द्यावे. एक वर्षाच्या आतील बीजरोपांत साठा कमी असतो. ती थोड्या उबेत ठेवून माती हलकी ओली करत राहावी. ब्राझीलच्या किनारी जंगलांत झाडांवर आणि खडकांवर वाढणारा श्लुम्बर्गेरा, ज्याला ख्रिसमस कॅक्टस म्हणतात, तो तर या हंगामात फुलतो. त्याला वाळवंटी झाडासारखे वाळवू नये, आणि कळ्या दिसू लागल्यावर कुंडीची जागा बदलू नये. जागा व तापमान एकाएकी बदलले की कळ्या गळतात.

तापमानाबाबत सरसकट एकच आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही. कोरड्या मातीतल्या बहुतेक वाळवंटी जातींना रात्रीचे ७ ते १० अंश पुरेसे असतात आणि ५ अंशांपर्यंतची उतरण त्या सोसतात. रिब्युशिया, लोबिव्हिया आणि अनेक मॅमिलारियांना तर असा थंड, कोरडा विसावा मिळाला तरच वसंतात भरघोस फुले येतात. याउलट मेलोकॅक्टस हा उष्ण प्रदेशातला. त्याला १५ अंशांच्या खाली नेऊ नये. लाल-पिवळ्या गोळ्याच्या कलमी कॅक्टसबाबत फसगत विशेष होते. वरचा रंगीत गोळा जिम्नोकॅलिसियमचा असला, तरी खालचा हिरवा तीनधारी खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा असतो, आणि तो उष्णकटिबंधीय खुंट थंडीत आधी सडतो. अशा कलमांची काळजी खुंटाची गरज पाहून घ्यावी आणि त्यांना १२ अंशांहून वरच ठेवावे.

दहिवर गोठण्याची शक्यता असेल त्या रात्री उघड्यावरील कुंड्या विणलेल्या कापडाने झाकाव्यात, पण कापड काट्यांना टेकू न देता तारांच्या कमानीवर ताणावे. नुसते प्लास्टिक टाकले तर त्याच्या आतून घाम सुटतो आणि थेंब शेंड्यावर पडत राहतात. हरितगृहात दुपारी हवा खेळती ठेवावी आणि कुंड्यांमध्ये बोटभर तरी अंतर सोडावे. प्रकाश मात्र जितका मिळेल तितका द्यावा. ऊब, पाणी आणि अपुरा प्रकाश एकत्र आले की शेंडा फिकट व निमुळता होऊन वाढतो, आणि तो निमुळता भाग पुढे कधीही भरून येत नाही.

झाड निजलेले असले तरी पिठ्या ढेकूण निजत नाही. महिन्यातून एकदा शेंड्याजवळची लोकर आणि कडांमधल्या खाचा पाहाव्यात, आणि दोन-चार कुंड्या उलट्या करून मुळांवर पांढरी पूड दिसते का ते तपासावे, कारण मुळांवरचा पिठ्या ढेकूण वरून कळत नाही. खोडावर थोडी कीड असल्यास ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने ती पुसावी. शेंड्याजवळ गंजासारखी तपकिरी खरखर दिसली तर लाल कोळीचा संशय धरावा. कोरडी, कोंदट जागा त्याला मानवते.

सड लागलेले झाड वाचवायचे असेल तर निर्जंतुक केलेल्या धारदार चाकूने तळापासून चकत्या काढत वर जावे आणि कापातल्या मधल्या वलयावर तपकिरी किंवा नारिंगी डाग पूर्ण नाहीसे होईपर्यंत थांबू नये. एक डाग राहिला तरी सड पुन्हा चढते. कापलेला भाग कोरड्या, उबदार व हवेशीर जागी ठेवावा. हिवाळ्यात जखम सावकाश बुजते, म्हणून मुळे फुटवण्याची घाई न करता तो वसंतापर्यंत तसाच कोरडा राहू द्यावा.

रात्री पुन्हा १० अंशांच्या वर स्थिरावल्या आणि शेंड्यावर नवे, रंगदार काटे दिसू लागले की पहिले पाणी द्यावे, तेही अगदी थोडे, म्हणजे तंतुमुळे फुटायला वेळ मिळेल. भरपूर पाणी साधारण दोन आठवड्यांनी द्यावे, आणि खत त्यानंतर. याच सुमारास आतली झाडे बाहेर काढण्याची घाई होते, आणि चार महिने मंद प्रकाशात राहिलेली त्वचा पहिल्याच दुपारी भाजते; तो पांढरट डाग कायम राहतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे झाडे शेडनेटखाली किंवा केवळ सकाळचे ऊन येईल अशा जागी ठेवावीत, आणि मग एक-एक तास करत उन्हाची वेळ वाढवावी.