प्लगचा रेझिस्टन्स आणि मिसिंग मारणारी गाडी: या चुका टाळा

"काका, प्लग नवा टाकलाय, करंटही येतोय, मग गाडी मिसिंग का मारते?"

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मला हे विचारलं. तो रोज वर्तकनगरहून घोडबंदर रस्त्याने मिरा रोडला जातो. गाडी कार्ब्युरेटरवाली, दीडशे सीसीची. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची, माजिवडा-कापूरबावडीच्या गर्दीतूनही नीट निघायची, पण गायमुखचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये झटके खायला लागायची. दोन महिन्यांत दोन प्लग बदलून झाले, कार्ब्युरेटर उघडून झाला, एअर फिल्टरही नवा आला. प्लग कॅपला, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या आणि प्लगवर बसणाऱ्या टोपीला, मात्र कुणी हात लावला नव्हता. आम्ही ती वायरवरून फिरवून काढली आणि मल्टिमीटरवर धरली. ५ किलोओहम दिसायला हवे होते, दिसले ३८. हेअर ड्रायरने दोन मिनिटं तापवली तर आकडाच गायब झाला, सर्किट तुटलेलं! इंजिन तापल्यावरच गाडी का अडायची, ते तिथे कळलं. कॅप बदलली आणि सगळा पावसाळा गाडी नीट चालली.

इग्निशनमधल्या रेझिस्टन्सबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणजे रेझिस्टन्स हा ठिणगीचा शत्रू, तो काढून टाकला की पिकअप वाढतो. दुसरी म्हणजे तो बघण्याची गरजच नाही. दोन्हींपायी गाड्यांचं नुकसान होताना मी पाहिलंय.

आधी पहिली समजूत. प्लगमधला रेझिस्टर वरचं टर्मिनल आणि मधला इलेक्ट्रोड यांच्यामध्ये, चिनी मातीच्या आत, काच आणि कार्बनच्या मिश्रणाने सील केलेला असतो. साधारण ५ किलोओहमचा. हजारो व्होल्टच्या वाटेत ५ हजार ओहम म्हटल्यावर "करंट कमी पडत असणार" असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ठिणगी पडण्याआधी गॅपमधून, म्हणजे प्लगच्या टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीतून, प्रवाह वाहतच नाही. प्रवाह नाही, तर रेझिस्टरवर व्होल्टेज पडणार कुठून? कॉइलने तयार केलेलं दहा-पंधरा हजार व्होल्टचं दडपण जवळजवळ जसंच्या तसं गॅपपर्यंत पोचतं. ठिणगी पडल्यावर जो प्रवाह टिकून राहतो तो काही दशांश मिलिअँपियरचा नाही, पण अँपियरचाही नाही. ५० मिलिअँपियर धरा. ५ किलोओहमवर त्याचे २५० व्होल्ट खर्च होतात. तंदुरुस्त कॉइलला ते सहज झेपतं. आता तोच हिशेब २५ किलोओहमला करून बघा: १,२५० व्होल्ट. जळती ठिणगी टिकवायला स्वतःलाच काहीशे व्होल्ट लागतात, त्यात हा भार पडला की ठिणगी पडते खरी, पण लवकर विझते. सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर ठिणगी पाडणाऱ्या) गाडीत ठिणगीचा अवधी मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे हा फरक आधी जाणवतो.

मग ५ किलोओहम ठेवायचेच कशाला? ठिणगी पडते त्या क्षणी वायर आणि प्लगमध्ये साठलेला विद्युतभार काही नॅनोसेकंदांत गॅपमधून धावतो. तो झटका अनेक अँपियरचा असतो आणि त्यातून रेडिओ लहरींचा गोंगाट उठतो. रेझिस्टर हा झटका दाबतो, म्हणूनच गॅरेजमध्ये कॅपला सप्रेसर म्हणतात. इलेक्ट्रोडची झीज थोडी कमी होते, तो वरचा फायदा.

म्हणून 'आर' नसलेला, म्हणजे आत रेझिस्टर नसलेला, प्लग टाकणं ही पहिली मोठी चूक. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि साध्या कम्युटर गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सर आले. इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल नाजूक असतो. त्याच्या शेजारी दर ठिणगीला गोंगाट झाला, तर आरपीएमचा काटा उड्या मारतो, आयडलिंग वरखाली होतं, कधी इंजिन लाइट लागते, आणि मालक इंजेक्टर साफ करत बसतो. प्लगवर लिहिलेला कोड वाचायची सवय लावून घ्या. एनजीकेच्या सीपीआर८ईए-९ मध्ये 'सी' म्हणजे १० मिलिमीटरची चूडी (प्लगचे आटे), 'पी' म्हणजे पुढे आलेलं टोक, 'आर' म्हणजे रेझिस्टर, ८ ही हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते), 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबी आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर गॅप. दुकानदार "हाच बसतो" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो चूडीबद्दलच बोलत असतो. हीट रेंजमध्ये आणखी एक खोच आहे: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो, बॉशचा वाढला की 'गरम'. ब्रँड बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, तक्त्यावरूनच घ्या.

याहून वाईट जुगाड म्हणजे कॅपमधला रेझिस्टर काढून तिथे तांब्याची तार किंवा खिळा बसवणं. काही कॅपमध्ये आत पितळी स्क्रू असतो. तो सोडवला की स्प्रिंग आणि रेझिस्टर हातात येतात, त्यामुळे हे काम दोन मिनिटांचं आहे. स्प्रिंगला गंज चढून रेझिस्टन्स वाढलाय म्हणून कुणी हे केलं, तर दुखणं बरोबर ओळखलं पण इलाज चुकला. कॅपच बदला.

उलट बाजूचीही चूक होते. पॉइंटवर (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या यांत्रिक स्विचवर) चालणाऱ्या जुन्या बुलेटसारख्या गाडीला, जिथे कंपनीने साधा प्लग दिला होता, तिथे आर प्लग आणि त्यावर ५ किलोओहमची कॅप चढवतात. १० किलोओहम हा आकडा मुळात वाईट नाही. कितीतरी गाड्यांना कंपनीच आर प्लग आणि रेझिस्टरची कॅप दोन्ही देते आणि त्या उत्तम चालतात. पण किक मारताना ज्यांची ठिणगी आधीच अशक्त असते, त्यांना हा जास्तीचा भार जाणवू शकतो. मॅन्युअलमध्ये जी जोडी लिहिली असेल, तीच ठेवा.

आता मोजमाप. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा, एक प्रोब प्लगच्या वरच्या टर्मिनलला आणि दुसरी खालच्या मधल्या इलेक्ट्रोडला. आर प्लग साधारण ३ ते ७.५ किलोओहम दाखवतो. बरेच जण दुसरी प्रोब बाहेरच्या धातूला, चूडीला लावतात, आणि आकडा येत नाही म्हणून चांगला प्लग फेकून देतात. तिथे आकडा येताच कामा नये! आला तर कार्बन, तेल किंवा ओल्या पेट्रोलमधून गळती आहे असं समजा. ही गळती सर्वांत वरच्या रेंजवर तपासा, आणि तेव्हा दोन्ही प्रोबची टोकं बोटांत धरू नका, नाहीतर स्वतःच्या शरीराचाच रेझिस्टन्स मोजाल. मल्टिमीटर हे सगळं जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, हेही लक्षात असू द्या. चिनी मातीतली बारीक चीर तिथे दिसत नाही, हजारो व्होल्टवर मात्र ठिणगी तिथूनच निसटते. त्यामुळे खराब आकडा हा पुरावा, चांगला आकडा हा अर्धाच दिलासा.

सुरुवातीचा "करंट येतोय" हा शब्दही इथेच फसवतो. प्लग बाहेर काढून इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली आणि निळी ठिणगी दिसली, तर ती उघड्या हवेत पडलेली ठिणगी आहे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ती पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर थ्रॉटल उघडला की आणखी. म्हणून गाडी स्टँडवर शहाण्यासारखी वागते आणि गायमुखला अडते. सुमारे ६ मिलिमीटर गॅपचा स्पार्क टेस्टर वापरलात तर खरं चित्र जास्त कळेल. टेस्टर किंवा प्लग, जे लावाल त्याला पक्कं अर्थिंग द्या, म्हणजे इंजिनच्या धातूला नीट जोडा. कॅप मोकळी लटकवून किक मारली, तर ते दडपण कॉइलच्या इन्सुलेशनवर येतं. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी त्याच्यापासून लांब ठेवा.

ठाण्या-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे वायरची टोकं हिरवी पडतात. पाम बीचवरून रोज जाणाऱ्यांनी पावसाळ्याआधी कॅप एकदा फिरवून काढावी. तांब्याच्या तारा हिरव्या दिसल्या, तर पाचसहा मिलिमीटर टोक कापून, ताज्या तारांत कॅपचा स्क्रू नीट बसवावा. वायर आधीच तोकडी असेल तर ओढून बसवू नका. कॅपच्या रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. प्लगच्या डोक्यावरची छोटी नट ढिली राहिली किंवा कॅपला नको असताना तशीच ठेवली, तरी वाटेत आणखी एक गॅप तयार होतो. ट्विन स्पार्क गाडी असेल तर दोन्ही प्लग आणि दोन्ही कॅप मोजा.

प्लग, कॅप आणि वायर तिन्ही बरोबर निघाले तरच कॉइलकडे वळा. सेकंडरीचा, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या गुंडाळीचा, आकडा मॉडेलनुसार बराच बदलतो, तो मॅन्युअलशीच ताडून पाहा, आणि मोजताना कॅप काढा, नाहीतर तिचे ५ किलोओहम त्यात मिसळतील. प्रायमरी, म्हणजे कमी व्होल्टेजची गुंडाळी, काही ओहम किंवा त्याहूनही कमी असते, तिथे प्रोब एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. थेट प्लगवर बसणाऱ्या काही कॉइलच्या आत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. ती मल्टिमीटरवर 'तुटलेली' दिसली म्हणून लगेच नवी घेऊ नका. तशाच गाडीची चालू कॉइल अदलाबदल करून बघा.