उत्तर दिसतंय, पण मिळत नाही: प्रिंट आणि रिटर्नमधल्या या चुका टाळा

"स्क्रीनवर उत्तर बरोबर येतंय, मग टेस्ट फेल का?" पायथन शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की मी आधी फंक्शनची शेवटची ओळ बघतो. बहुतेक वेळा तिथे रिटर्नच्या जागी प्रिंट ठाण मांडून बसलेलं असतं. प्रिंट उत्तर फक्त स्क्रीनवर दाखवतं; रिटर्न ते फंक्शन बोलावणाऱ्या कोडच्या हाती देतं, आणि टेस्टला तेच हवं असतं.

समजा, ‘बेरीज’ नावाच्या फंक्शनमध्ये दोन आकडे मिळवून आतच प्रिंट केले आहेत. बेरीज(4, 5) लिहिलं की 9 दिसतो. उत्तर = बेरीज(4, 5) लिहिलं, तरीही 9 दिसतोच, आणि इथेच फसगत होते. वाटतं, 9 ‘उत्तर’मध्ये जाऊन बसला. प्रत्यक्षात तो स्क्रीनवर उमटला आणि विषय संपला. ‘उत्तर’ या व्हेरिएबलच्या हाती लागलं ‘नन’ (None), म्हणजे ‘काहीच नाही’. ज्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही, ते पायथनमध्ये गुपचूप ‘नन’ परत करतं. आता उत्तर * 2 करून बघा: टाइपएरर (TypeError) येईल आणि त्यात ‘ननटाइप’ (NoneType) हा शब्द असेल. तो दिसला की एररच्या ओळीत डोकं घालत बसू नका. ते व्हेरिएबल ज्या फंक्शनने भरलं, तिकडे जा.

कधी 9 आणि त्याखाली ‘नन’ असं दोन ओळींत येतं. म्हणजे प्रिंट दोनदा झालंय, एक फंक्शनच्या आत आणि एक बाहेर. बाहेरचं काढलं तर ‘नन’ दिसेनासं होतं, पण दुखणं तसंच राहतं. आतलं काढा आणि तिथे रिटर्न लिहा. दोन्ही एकाच ओळीत कोंबून ‘रिटर्न प्रिंट’ करणारेही भेटतात. त्याने काही साधत नाही, कारण प्रिंट स्वतःच ‘नन’ परत करतं.

इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवून बघायची पायथनची खिडकी, मात्र उलटा चकवा देतं. फंक्शनमध्ये नीट रिटर्न असेल, तर नुसतं बेरीज(4, 5) लिहून एंटर मारलं तरी शेल आपणहून 9 दाखवतं. तीच ओळ फाइलमध्ये टाकून रन करा, स्क्रीन कोरी! तिथे प्रिंट तुम्हालाच करावं लागतं. फरक ओळखायला स्ट्रिंग (अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर) वापरून बघा: रिटर्न झालेली स्ट्रिंग शेल अवतरणचिन्हांसकट दाखवतं, प्रिंट चिन्हांशिवाय. आणि ‘नन’ परत आलं तर शेल काहीच दाखवत नाही, त्यामुळे विसरलेलं रिटर्न तिथे लक्षातही येत नाही.

यादी = यादी.सॉर्ट() हीदेखील याच घराण्यातली चूक. सॉर्ट त्याच लिस्टचा क्रम जागच्या जागी लावतं आणि परत देतं ‘नन’, म्हणजे तुमची यादी तुम्हीच पुसून टाकलीत. लिस्टच्या शेवटी नवी गोष्ट जोडणाऱ्या अपेंडचंही तेच. क्रम लावलेली नवी लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड वापरा. स्ट्रिंगचा कारभार वेगळा: नाव.अपर() नवी स्ट्रिंग देतं, ती कुठे ठेवली नाहीत तर ‘नाव’ होतं तसंच राहतं.

आता सगळं समजलं म्हणून लूपमधलं प्रिंट खोडून तिथेच रिटर्न लिहाल, तर नवा घोळ. प्रिंट दर फेरीला चालायचं. रिटर्न पहिल्याच फेरीत फंक्शनच संपवतं. समजा, 5 आकड्यांचे वर्ग हवे होते, तर हाती येतो फक्त पहिल्या आकड्याचा. लूपआधी रिकामी लिस्ट घ्या, प्रत्येक वर्ग तिच्यात अपेंड करा आणि रिटर्न लूपनंतर लिहून त्याचं इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) ‘फॉर’इतकंच ठेवा.