पांढरा कुडा आणि काळा कुडा कसे ओळखावेत

उन्हाळ्याच्या अखेरीस कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या उतारांवरच्या रानांत कुडा फुलतो, मात्र पांढरी फुले दिसली म्हणजे तो पांढरा कुडाच, असे समजू नये. होलॅऱ्हेना प्युबेसेन्स हा पांढरा कुडा आणि राइटिया टिंक्टोरिया हा काळा कुडा, दोन्ही कण्हेरीच्या कुळातले. दोन्हींची पाने समोरासमोर येतात आणि खुडल्यावर दोन्हींतून पांढरा चीक गळतो, त्यामुळे चिकावरून काहीच ठरत नाही.

खात्रीची खूण फुलात आहे आणि ती पाहण्यासाठी साधे भिंग पुरते. पांढऱ्या कुड्याच्या फुलाची नळी लांब व सडपातळ असते, पुंकेसर तिच्या आत दडलेले असतात आणि नळीचे तोंड मोकळे दिसते. काळ्या कुड्याची नळी आखूड असते. तिच्या तोंडाशी बारीक पांढऱ्या तंतूंची झालर असून तिच्या मधोमध परागकोशांचा टोकदार सुळका बाहेर आलेला दिसतो. ही झालर एकदा नीट पाहिली की पुढे गल्लत होत नाही.

फुले सरल्यावर शेंगा पाहाव्यात. दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि लांबीतही फारसे अंतर नसते, म्हणून माप घेण्यापेक्षा टोके पाहणे श्रेयस्कर: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके सुटी असतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. वाळलेली शेंग उकलली, तर पांढऱ्या कुड्याच्या बीचा केसांचा झुपका शेंगेच्या टोकाकडे आणि काळ्याचा देठाकडे आढळतो.

पाने केवळ दुय्यम पुरावा म्हणून घ्यावीत. पांढऱ्याची पाने रुंद व जवळजवळ बिनदेठाची, काळ्याची तुलनेने अरुंद व निमुळती असतात. काळ्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत असत.

एवढी काटेकोर ओळख हवी, कारण हगवणीवरच्या कुटजारिष्टात पांढऱ्या कुड्याची साल लागते आणि बाजारात तिच्यात काळ्याची साल मिसळली जाते. बियांचेही तसेच आहे: कडू इंद्रजव पांढऱ्याचे, गोडे इंद्रजव काळ्याचे. ओळख पटवण्यासाठी साल मात्र कधीही सोलू नये. खोडाभोवतीची साल निघाली की झाड वाळते, आणि फूल हाती असताना त्याची गरजही पडत नाही.